गायब होणारे ठोकळे: स्क्रॅचमध्ये असे बांधा की खेळणारा चिडणार नाही

उडी मारत पुढे जायच्या खेळात पायाखालचा ठोकळा नाहीसा होतो, थोड्या वेळाने परत येतो. मुलांना हा अडथळा फार आवडतो. आमच्याकडे यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या गावांत शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्क्रॅच (ब्लॉक जोडून खेळ बनवायची मुलांची कोडिंगची भाषा) शिकणारी पोट्टी दुसऱ्याच आठवड्यात तो बनवायला घेतात. आणि जवळजवळ सगळ्यांचा खेळ एकाच तऱ्हेने फसतो. पहिली दोन-चार मिनिटं ठोकळे तालात येतात-जातात, मग ताल बिघडतो. नाहीतर हाक येते, "सर, पोट्टा हवेतच उभा राह्यते!"

दोन्ही तक्रारींचं मूळ कामाच्या क्रमात आहे. मुलं ठोकळ्यापासून सुरुवात करतात. सुरुवात उडीपासून व्हायला हवी, त्यानंतर घड्याळ, आणि ठोकळा सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. एकही टप्पा वगळू नका.

नमुन्यासाठी आपण एक पडदा बांधू. गावाबाहेरचा नाला पुराने भरला आहे, रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला आहे, आणि मधले तीन दगड आळीपाळीने वर येतात व बुडतात. खेळाडूने या काठावरून त्या काठावर जायचं.

## टप्पा १: आधी प्रकार ठरवा

गायब होणारे ठोकळे मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार घड्याळावर चालतो. खेळाडू कुठेही असो, ठोकळे आपल्या ठरलेल्या क्रमाने येतात-जातात. 'मेगा मॅन २' (१९८८) मधल्या हीट मॅनच्या टप्प्यातले ठोकळे असे आहेत. दुसरा प्रकार पाय पडला की सुरू होतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' (१९८८) मधले डोनटसारखे ठोकळे उभं राहिल्यावर थोड्या वेळाने खाली कोसळतात. तिसऱ्यात दोन रंगांचे गट असतात, एक गट आला की दुसरा जातो. 'सुपर मारिओ गॅलक्सी २' (२०१०) मध्ये असा एक भाग आहे, तिथे बदल होण्याआधी ठोके ऐकू येतात.

पहिल्या खेळात एकच प्रकार घ्या. मुलं तिन्ही एकत्र करतात आणि मग चूक नेमकी कुठे आहे ते सापडत नाही. आपण घड्याळाचा प्रकार घेऊ. दुसऱ्या प्रकाराची एक अडचण टप्पा ८ मध्ये वेगळी सांगितली आहे. तिसरा प्रकार घड्याळ जमल्यावर आपोआप जमतो.

## टप्पा २: खेळाडूची उडी पक्की करा आणि मोजा

ठोकळे किती अंतरावर ठेवायचे हे उडी ठरवते. म्हणून ठोकळे काढण्याआधी फक्त जमीन आणि खेळाडू घ्या.

खेळाडूसाठी २० रुंद आणि ४० उंच असा साधा आयत घ्या. टोपी, हात, उडणारं उपरणं सगळं नंतर. स्क्रॅच चित्राच्या खऱ्या कडेवरून स्पर्श ओळखतं, त्यामुळे बाहेर आलेला हात ठोकळ्याला लागला तरी खेळाडू लटकून बसतो.

हे आकडे घ्या: चाल दर टिकला ४, उडीचा सुरुवातीचा वेग १२, गुरुत्व दर टिकला १, आणि पडण्याचा वेग कितीही वाढला तरी उणे १२ च्या खाली जायचा नाही. स्क्रॅचचा फॉरएव्हर लूप, म्हणजे आतली कामं पुन्हा पुन्हा करत राहणारा ब्लॉक, सेकंदाला ३० वेळा फिरतो. अशा एका फेरीला आपण टिक म्हणू.

आता हिशोब वहीत लिहून काढा. पहिल्या टिकला १२ वर, दुसऱ्याला ११, मग १०, असं १ पर्यंत. बेरीज ७८. म्हणजे उडीची उंची ७८. वर जायला १२ टिक, टोकावर १, खाली यायला १२, मिळून २५ टिक. तेवढ्या वेळात ४ च्या चालीने खेळाडू १०० पुढे जातो. म्हणजे सपाटीवर उडीची पोच १००.

दगड ६० उंच असेल तर पोच इतकी राहत नाही. खेळाडू १९ व्या टिकलाच त्या उंचीवर खाली येऊन टेकतो, आणि तोवर तो फक्त ७६ पुढे गेलेला असतो. वर चढत जाणारे दगड मांडताना हे विसरलं जातं.

तपासा: रिकाम्या जमिनीवर खेळाडूला वीस-पंचवीस उड्या मारायला लावा. दरवेळी तो तितकाच वर आणि तितकाच पुढे जातो का? जात नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: चौकटीच्या वहीवर मांडणी

स्क्रॅचचा पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच असतो. गणिताच्या चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे २० धरली, तर पडदा आडवा २४ चौकटी आणि उभा १८ चौकटी होतो. तेवढा आयत आखा.

डावीकडून मोजत जा. काठ ३ चौकटी, पाणी ३, दगड २, पाणी ३, दगड २, पाणी ३, दगड २, पाणी ३, काठ ३. बेरीज बरोबर २४ येते. दगड ४० रुंद आणि मधलं पाणी ६०, म्हणजे एका दगडाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत १००. आपल्या उडीची पोचही तेवढीच. दगडाच्या मधोमध उभं राहून उडी मारली, तर खेळाडू पुढच्या दगडाच्या मधोमध उतरतो. हा योगायोग नाही. चालीचा आकडा ४ याचसाठी घेतला.

तिन्ही दगडांचे मध्य एक्स-अक्षावर उणे १००, ० आणि १०० येतात. पहिल्या खेळात तिघांची उंची काठाइतकीच ठेवा.

सावधान: अंतर कधीही उडीच्या पूर्ण पोचेइतकं ताणू नका. गायब होणाऱ्या दगडावर खेळाडूला वेळही सांभाळायचा असतो. अंतर आणि वेळ दोन्ही अगदी काठावर असले, तर तो कशामुळे पडला हे त्यालाच कळत नाही.

## टप्पा ४: सगळ्यांसाठी एकच घड्याळ

सर्वात जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून इथे थांबून वाचा.

मुलं प्रत्येक दगडाला स्वतंत्र कोड देतात: शो (दाखव), वेट २ (दोन सेकंद थांब), हाइड (लपव), वेट ३, आणि पुन्हा तेच. पहिल्या फेरीत सगळं छान दिसतं. पण वेट नेमकं त्या क्षणी संपत नाही. वेळ पूर्ण झाल्यानंतर जो पुढचा टिक येतो तिथे ते संपतं. प्रत्येक वेटमागे टिकच्या आतला थोडासा वेळ जास्त जातो. एका दगडाच्या फेरीत दोन वेट आणि दुसऱ्याच्या फेरीत तीन असतील, तर दुसरा हळूहळू मागे पडतो. शाळेचा कॉम्प्युटर जुना असेल तर मागे पडणं लवकर दिसतं.

मग हुशार पोरं स्क्रॅचच्या टाइमरकडे वळतात. टाइमर खरे सेकंद मोजतो, त्यामुळे दगड आपसात जुळतात. पण खेळाडू टिकवर चालतो. मे महिन्यात दुपारी, पंखा बंद असताना तापलेला लॅपटॉप आपला वेग कमी करतो. सेकंदाला ३० टिकांऐवजी २० होऊ लागले, की २५ टिकांची उडी पाऊण सेकंदाहून जराशा जास्त वेळावरून सव्वा सेकंदावर जाते. दगड मात्र जुन्याच वेगाने बुडतात. सकाळी पार होणारा नाला दुपारी पार होत नाही. आमच्या भागात हे हमखास घडतं, आणि मुलं आपल्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतात.

उपाय एकच: दगडांनी आणि खेळाडूने एकच टिक मोजायचा.

खेळाडूच्या मुख्य फॉरएव्हर लूपमध्ये सगळ्यात वर 'टिक' नावाचं व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) १ ने वाढवा. त्याखाली 'ठोका' काढा: टिकला ३० ने भागा, फ्लोअर घ्या (म्हणजे अपूर्णांक सोडून द्या), आणि त्याचा ५ शी मॉड घ्या (म्हणजे ५ ने भागून उरणारी बाकी). ठोका ०, १, २, ३, ४ असा फिरतो, पुन्हा ० होतो. पूर्ण वेगात एक ठोका एक सेकंदाचा आणि फेरी पाच सेकंदांची. कॉम्प्युटर मंदावला तर उडी आणि दगड दोन्ही सारखेच मंदावतात, खेळ तसाच पार होतो.

लूपमधला क्रम असा ठेवा:

१. टिक वाढवा, ठोका काढा.
२. डावी-उजवी चाल.
३. खेळाडूला उभ्या वेगाइतकं वर किंवा खाली हलवा.
४. दगडाला टेकला का ते पाहा.
५. उभ्या वेगातून १ वजा करा.
६. उडीची कळ दाबली असेल आणि पाय टेकलेले असतील तर वेग १२ करा.

सावधान: सगळं भन्नाट वेगाने पळायला लागलं तर टर्बो मोड चुकून सुरू झालेला असतो. शिफ्ट धरून हिरव्या झेंड्यावर क्लिक झालं की असं होतं. तसंच क्लिक करून तो बंद करा.

## टप्पा ५: कोणता दगड कधी, ते कागदावर लिहा

कोड लिहिण्याआधी वहीत हे भरा:

दगड १: ठोका ० आणि १
दगड २: ठोका १ आणि २
दगड ३: ठोका २ आणि ३
ठोका ४: सगळे पाण्याखाली

नियम सरळ आहे. ठोका दगडाच्या क्रमांकाहून एकने कमी असेल, किंवा क्रमांकाइतकाच असेल, तर दगड वर.

कोणतेही दोन शेजारी दगड एक पूर्ण ठोका, म्हणजे ३० टिक, एकाच वेळी वर असतात. हा सामाईक वेळ म्हणजे या अडथळ्याचा जीव. डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे सात-आठ टिक. उरलेले बावीस-तेवीस टिक खेळाडूला विचाराला आणि उडीला मिळतात. अगदी शेवटच्या टिकला उडालेला खेळाडूही पुढच्या दगडावर तो बुडायच्या चार-पाच टिक आधी उतरतो, आणि तोवर त्याच्यापुढचा दगड वर आलेला असतो. उशीर झाला तरी निभावतं.

खेळ अवघड करायचा असेल तर सामाईक वेळ आधी ३० वरून २४, मग १८ असा उतरवा. तो शून्य केला, तर खेळाडूला रिकाम्या हवेकडे उडी मारावी लागते. मग खेळ पाठांतराचा होतो. तसं मुद्दाम करायचं असेल तर करा, पण पहिल्या पडद्यात नको.

## टप्पा ६: दगड बांधा, दिसणं आणि टेकणं वेगळं ठेवून

'दगड' हा एकच स्प्राइट (पडद्यावरचं, कोड देता येणारं चित्र) घ्या आणि त्याच्या तीन प्रती, म्हणजे क्लोन, करा. 'क्रमांक' हे व्हेरिएबल बनवताना 'फॉर धिस स्प्राइट ओन्ली' निवडा. ते निवडलं नाही तर तिन्ही दगडांना एकच क्रमांक मिळतो आणि तिघे एकदम बुडतात. क्रमांक बदला, मग क्लोन करा. उलट केलं की पहिल्या दगडाला क्रमांक मिळत नाही. जागा क्रमांकावरूनच काढा: क्रमांकातून २ वजा, गुणिले १००. मूळ स्प्राइट लपवून ठेवा.

प्रत्येक क्लोनच्या फॉरएव्हरमध्ये एकच प्रश्न असतो, ठोका माझा आहे का? असेल तर शो, नसेल तर हाइड.

आता हवेत उभं राहणाऱ्या पोट्ट्याचं कारण. मुलांना दगड हळूहळू विरघळताना दाखवायचा असतो, म्हणून ती चित्र पारदर्शक करणारा घोस्ट इफेक्ट १०० पर्यंत नेतात. दगड दिसेनासा होतो, पण स्क्रॅचच्या लेखी तो तिथेच असतो आणि स्पर्श लागतो. हाइड केलेल्या स्प्राइटला स्पर्श लागत नाही. म्हणून टेकण्याच्या दगडावर घोस्ट इफेक्ट अजिबात वापरू नका. शो आणि हाइड एवढंच.

खेळाडूला इशारा तर द्यावाच लागतो. त्यासाठी 'खूण' नावाचा दुसरा स्प्राइट घ्या. त्यात पाण्यावरचे बुडबुडे किंवा दगडाची नुसती बाह्यरेषा काढा. त्याचेही तीन क्लोन त्याच जागांवर. खूण दगडाच्या एक ठोका आधी दिसते: क्रमांकातून २ वजा करून ५ शी मॉड घ्या, ठोका तितका असला की शो. दगड १ साठी उत्तर ४ येतं, म्हणजे सगळे दगड बुडालेले असताना पहिल्याचे बुडबुडे दिसू लागतात. खेळाडू फक्त 'दगड' स्प्राइटचा स्पर्श तपासतो, त्यामुळे खुणेवर कुणी उभं राहू शकत नाही. खुणेवर घोस्ट, रंग, काय हवं ते करा.

बुडण्याआधीचा इशारा दगडावरच द्या. त्याच्या शेवटच्या ठोक्यात टिकचा ३० शी मॉड १४ पेक्षा जास्त झाला की तडे गेलेला कॉस्च्युम (त्याच स्प्राइटचं दुसरं चित्र) लावा.

सावधान: दोन्ही कॉस्च्युमची बाहेरची कड हुबेहूब सारखी हवी. तडे आत काढा. कड कुरतडलेली काढली तर कॉस्च्युम बदलताच खेळाडू थरथरतो किंवा आधीच पडतो.

सावधान: दगड भराभर लुकलुकवू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा पडदा चमकला तर काही मुलांना फिट येण्याचा धोका असतो. आणि इशारा फक्त लाल-हिरव्या रंगावर ठेवू नका. ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांना तो कळतच नाही.

## टप्पा ७: टेकणं आणि थोडी माया

वेग शून्य किंवा उणे असतानाच टेकणं तपासा. वर जाताना दगडाकडे दुर्लक्ष करा. खेळाडू दगडाला लागला तर त्याला १-१ ने वर सरकवा, स्पर्श सुटला की थांबवा आणि वेग शून्य करा. हे सगळं स्वतंत्र ब्लॉकमध्ये टाका आणि 'रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश' वर खूण करा, नाहीतर खेळाडू हळूहळू वर सरकताना दिसेल.

वर सरकवण्याला १२ ची मर्यादा घाला, कारण पडण्याचा वेग तेवढाच आहे. १२ ने सुटला नाही तर त्याला मूळ जागी परत ठेवा आणि पडू द्या. ही मर्यादा नसेल, तर खेळाडू पडत असताना त्याच्या पोटातच दगड उगवला की तो झटक्यात वर फेकला जातो. मुलं त्याला 'जादू' म्हणतात. ती चूक आहे, काढून टाका.

आता 'पाय' नावाचं व्हेरिएबल घ्या. टेकल्यावर ते ४ करा, न टेकलेल्या प्रत्येक टिकला १ ने कमी करा, शून्याखाली जाऊ देऊ नका. उडी देताना 'पाय शून्यापेक्षा जास्त आहे का' एवढंच विचारा, आणि उडी दिली की लगेच शून्य करा. यामुळे दगड बुडाल्यानंतर तीन-चार टिकांच्या आत दाबलेली उडीही लागते. खेळणाऱ्याला हे कळत नाही, पण "मी दाबलं होतं ना!" ही ओरड थांबते. पुढाऱ्यासारखा मोठा उपकार नाही हा, खेळणाऱ्याला त्याच्या मेहनतीचं मिळतं एवढंच.

आवाज द्यायचा असेल तर दर ठोक्याला एक हलका 'टक्' द्या. 'स्टार्ट साउंड' वापरा. 'प्ले साउंड अनटिल डन' वापरलं तर आवाज संपेपर्यंत लूप तिथेच अडतो. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज उशिरा पोहोचतो आणि ताल चुकल्यासारखा वाटतो, म्हणून वायरचा स्पीकर लावा.

## टप्पा ८: पाय पडल्यावर बुडणारा दगड हवा असेल तर

इथे एक अडचण हमखास येते. दगड विचारतो, 'खेळाडू मला लागला का?' आणि उत्तर कायम 'नाही' येतं. कारण आपणच खेळाडूला स्पर्श सुटेपर्यंत वर सरकवतो. म्हणून दगडाने एका दमात, स्क्रीन रिफ्रेशशिवाय, २ वर सरकायचं, स्पर्श तपासायचा आणि २ खाली यायचं. स्पर्श मिळाला आणि खेळाडूचा वेग शून्य किंवा उणे असला, तर त्या क्षणीचा टिक लिहून ठेवायचा. त्यानंतर २० टिकांनी हाइड, ८० टिकांनी पुन्हा शो. इथेही वेट नको.

दगड परत यायलाच हवा. एकदाच बुडून जाणारा दगड ठेवला आणि खेळाडू मधूनच मागे फिरला, तर तो कायमचा अडकतो.

## टप्पा ९: पडल्यावर काय?

नाल्यात पडला की खेळाडू डाव्या काठावर परत, आणि टिक १२० वर. म्हणजे ठोका ४, दगड कुठेच नाहीत, पहिल्याचे बुडबुडे दिसतात. प्रत्येक प्रयत्न असा एकाच जागेवरून सुरू झाला की मूल दोन-तीन वेळांत क्रम ओळखतं. टिक तसाच सोडला तर कधी दगड समोर असतो, कधी तीन सेकंद थांबावं लागतं, आणि थांबायला लागलं की मुलं चिडतात.

शिकवण्यासाठी याच्या आधी एक पडदा ठेवा. दगड तेच, ठोके तेच, पण खाली पाण्याऐवजी गवत. तिथे पडलं तर काही बिघडत नाही.

## टप्पा १०: चाचणी

खेळ बनवणाऱ्याने स्वतःच्या खेळाची चाचणी घेऊन भागत नाही. त्याला क्रम पाठ असतो. ज्याने तो पाहिलेला नाही अशा मुलाला बसवा आणि मागे उभं राहून एक शब्दही बोलू नका. "आता मार उडी" म्हणालात की चाचणी वाया गेली. तो कुठे पडतो ते वहीत लिहा. तीन वेगळी मुलं एकाच दगडावर पडत असतील तर दगड चुकला आहे. प्रत्येक जण वेगळीकडे पडत असेल तर अडथळा बरा जमला आहे.

शाळेतल्या सगळ्यात मंद कॉम्प्युटरवर एकदा चालवून पाहा. स्वस्त कीबोर्डवर तीन कळा एकदम दाबल्या तर कधी कधी तिसरी लागत नाही, म्हणून उडीसाठी स्पेस आणि वरचा बाण दोन्ही कळा द्या. आणि प्रत्येक टप्प्यानंतर फाइल नव्या नावाने सेव्ह करा: नाला-१, नाला-२, नाला-३. ऑफलाइन स्क्रॅच आपणहून सेव्ह करत नाही, आणि लाइन कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही.

आकडे बदलताना एका वेळी एकच बदला. ठोका ३० चा २६ केला तर चाल आणि अंतर तसंच ठेवा, त्याच मुलाला पुन्हा बसवा. परत उगवतानाचा १२० हा आकडा मात्र ठोक्याच्या चौपट असतो. ठोका २६ केला की तो १०४ करावा लागतो, नाहीतर खेळाडू परत येतो तेव्हा ठोका ४ ची सुरुवात सापडत नाही.